आल्प्समधले नवे घर : ते बांधू का दिले, हे आधी विचारा

फ्रान्स, स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियातल्या स्कीइंगच्या गावात नवे आलिशान घर विकायला निघाले, की माहितीपुस्तिकेत ठरावीक गोष्टी असतात: जुन्या गोठ्यांचे लाकूड वापरून मढवलेल्या भिंती, खिडकीच्या चौकटीत नेमके बसवलेले शिखर, तळघरातला पोहण्याचा तलाव आणि दारातून थेट उतारावर नेणारी वाट. घेणाऱ्याचे प्रश्नही मग त्याच अंगाने जातात. सौना आहे का, गाडी कुठे लावायची, जिनिव्हाचा विमानतळ किती तासांवर? हे प्रश्न गैर नाहीत, पण ते दुसऱ्या भेटीचे आहेत. पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या गावात हे घर बांधायला परवानगी मिळालीच कशी? आल्प्समधल्या बऱ्याच नामांकित गावांनी सुट्टीपुरती वापरायची नवी घरे बांधणे गेल्या दीड दशकात एकतर थांबवले आहे, नाहीतर फार अवघड करून ठेवले आहे. त्यामुळे आज तिथे जे नवे घर बाजारात येते ते बहुधा कुठल्या ना कुठल्या अपवादाच्या आधारे उभे असते, आणि त्या अपवादासोबत अटी येतात. ते घर वर्षातले किती आठवडे तुमचे, भाड्याचे पैसे कुणाच्या हातून येणार, पुढे ते कुणाला विकता येईल, हे सगळे त्या अटी ठरवतात; संगमरवर आणि लाकूड ठरवत नाही. महाराष्ट्रात जमीन घेणारा माणूस सातबारा हातात येताच भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे आधी पाहतो, कारण वर्ग २ ची जमीन कितीही सुपीक असली तरी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. आल्प्समधली बरीच नवी घरे त्या अर्थाने वर्ग २ ची आहेत, आणि माहितीपुस्तिकेत ते लिहिलेले नसते.

स्वित्झर्लंडमध्ये हे सर्वांत उघड दिसते. ११ मार्च २०१२ रोजी तिथल्या मतदारांनी ५०.६ टक्के अशा निसटत्या बहुमताने पर्यावरणवादी फ्रान्झ वेबर यांचा प्रस्ताव मंजूर केला: कोणत्याही गावातल्या एकूण घरांपैकी २० टक्क्यांहून जास्त घरे दुसरी घरे असता कामा नयेत. नाताळात आणि फेब्रुवारीत उजळणारी, एरवी पडदे ओढलेली घरे दऱ्याच्या दऱ्या भरून टाकत होती आणि गावात राहणाऱ्या शिक्षकाला, लिफ्ट चालवणाऱ्याला घर परवडेनासे झाले होते, अशी त्यामागची तक्रार होती. व्हर्बिये, झेरमाट, सेंट मॉरिट्झ ही गावे २० टक्क्यांच्या केव्हाच पुढे गेलेली. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा गावात नवे घर बांधायचे तर ते कायम राहणाऱ्याचे हवे किंवा हॉटेलसारख्या संघटित व्यवस्थेतून पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे हवे. हॉटेलला भांडवल उभे करता यावे म्हणून त्याच्या जागेचा छोटा हिस्सा मुक्त वापराची घरे म्हणून विकण्याची मुभा आहे, पण ती घरे मोजकी असतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. वापराची अट जमीन नोंदणीत चढवली जाते, म्हणजे मालक बदलला तरी ती घराला चिकटून राहते. विक्री प्रतिनिधी ‘भाड्याची सोय आम्ही बघतो’ असे म्हणतो, तेव्हा ती सोय आहे की सक्ती, हे नोंदणीचा उतारा मागवूनच कळते.

परदेशी माणसासाठी यावर आणखी एक थर आहे. १९८३ च्या, लेक्स कोलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार परदेशात राहणाऱ्यांना सुट्टीच्या घरांचे वर्षाला सबंध देशात मिळून जास्तीत जास्त १,५०० परवाने दिले जातात, आणि तेही पर्यटनस्थळे म्हणून ठरवलेल्या गावांतच. राहण्याचे क्षेत्र सर्वसाधारणपणे २०० चौरस मीटरपर्यंत, कुटुंबाला एकच घर, आणि ते वर्षभर सलग भाड्याने देता येत नाही. म्हणजे एक कायदा नवे घर भाड्याने द्याच म्हणतो आणि दुसरा परदेशी मालकाला फार भाड्याने देऊ नका म्हणतो. दोन्ही एकत्र बसवण्याची वाट म्हणजे हॉटेल-अपार्टमेंट, ज्यात ऐन मोसमात घर हॉटेलच्या ताब्यात द्यावे लागते. झ्युरिक आणि बाझलमध्ये नोकरीनिमित्त असलेल्या मराठी कुटुंबांनी इथे आपला परवाना तपासावा. युरोपीय संघाबाहेरचा नागरिक मुदतीच्या वास्तव्याच्या बी परवान्यावर असेल तर राहत्या गावी स्वतःच्या मुख्य वास्तव्याचे घर त्याला घेता येते, डोंगरातले सुट्टीचे घर मात्र याच लेक्स कोलरखाली येते. कायम वास्तव्याचा सी परवाना मिळाल्यावर हे बंधन सुटते. त्यामुळे दोन-तीन वर्षांत सी परवाना मिळणार असेल तर आज अटींचे घर घेण्याची घाई कशासाठी, हा प्रश्न पैशांच्या आधी येतो.

या सगळ्याला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे उरी कॅन्टनमधले आंडरमाट. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटरवरचे हे गाव लष्करी तळावर जगत होते. लष्कर आवरते घेऊ लागल्यावर रोजगार गेला, आणि इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस यांनी तिथे नवे पर्यटनगाव उभे करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा २००६ च्या अखेरीस स्विस सरकारने त्या प्रकल्पाला लेक्स कोलरमधून सूट दिली. २०१३ मध्ये तिथे चेडी हॉटेल उघडले, २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने तिथल्या स्की व्यवसायात ५५ टक्के हिस्सा घेतला, आणि आज भारतीय पारपत्रावर वार्षिक परवान्याच्या रांगेत न लागता नवे घर घेता येईल अशी जी थोडी ठिकाणे स्वित्झर्लंडमध्ये आहेत त्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. इथे ‘बांधू का दिले’ या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आणि लेखी आहे, ही खरी जमेची बाजू. पण सूट मुदतीची आहे, आणि मुदतीनंतर परदेशी माणसाकडून परदेशी माणसाला होणारी फेरविक्री कोणत्या नियमाने होईल, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. शिवाय एकाच प्रवर्तकाच्या हातात घरे, हॉटेले आणि गोल्फचे मैदान असलेल्या गावात तुमचा सर्वांत मोठा स्पर्धक तोच असतो: तुम्ही विकायला काढाल तेव्हा शेजारच्या इमारतीत तो नवी कोरी घरे विकत असेल.

फ्रान्समध्ये परदेशी माणसाला घर घेण्याची बंदी नाही, त्यामुळे तिथे सगळे मोकळे आहे असा समज होतो. अट तिथेही आहे, फक्त ती कराच्या वाटेने येते. नव्या घरावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. घर पर्यटकांना हॉटेलसारख्या सेवांसह भाड्याने दिले, म्हणजे नाश्ता, साफसफाई, चादरी-टॉवेल आणि स्वागतकक्ष या चारांपैकी तीन सेवा पुरवल्या, तर हा कर परत मिळू शकतो. जाहिरातीतली किंमत पुष्कळदा हा कर वजा करूनच छापलेली असते. परतावा मात्र २० वर्षांच्या बांधिलकीवर असतो. समजा, कर सोडून घराची किंमत १० लाख युरो आहे. कर झाला २ लाख. तो परत घेतला आणि आठव्या वर्षाअखेर घर विकले किंवा भाड्याची व्यवस्था मोडली, तर उरलेल्या १२ वर्षांचा हिस्सा, म्हणजे २ लाखांचे १२/२०, १ लाख २० हजार युरो सरकारला परत करावे लागतात. नवा मालक तीच बांधिलकी पुढे चालवणार असेल तरच यातून सुटका होते. म्हणजे घर घेणारा तुम्हाला अशाच माणसांतून शोधावा लागतो ज्याला घर स्वतःला राहण्यासाठी नको आहे. आलिशान घराचा ग्राहक तसा क्वचित असतो.

दुसरी गाठ भाडेकराराची. पर्यटक-निवास म्हणून नोंदलेल्या इमारतीत मालक आपले घर चालक कंपनीला किमान ९ वर्षांच्या व्यावसायिक भाडेकराराने देतो. करार संपला की घर आपोआप मोकळे होईल असे वाटते, पण फ्रेंच कायद्यात व्यावसायिक भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क असतो आणि ते नाकारायचे तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागते. ती रक्कम कित्येक वर्षांच्या भाड्याएवढी होऊ शकते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात कोविडमुळे फ्रान्सने स्कीच्या लिफ्ट पूर्ण मोसमभर बंद ठेवल्या, तेव्हा ‘हमीचे भाडे’ या शब्दांची किंमत अनेक मालकांना कळली: चालकांनी भाडी थकवली, आणि कराराने बांधलेल्या मालकांना घरही ताब्यात घेता येईना. हमी देणाऱ्या कंपनीचा ताळेबंद जेवढा भक्कम तेवढीच हमी भक्कम, म्हणून घराच्या नकाशाआधी त्या कंपनीचे तीन वर्षांचे हिशेब मागवावेत. मालकाला स्वतःसाठी कोणते आठवडे मिळतात तेही तारखांनिशी पाहावे. फ्रान्समधल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत वाटलेल्या असल्याने फेब्रुवारीच्या आसपासचे चार आठवडे आणि नाताळ-नववर्षाचे दोन आठवडे हाच कमाईचा गाभा असतो. चालकाला नेमके तेच हवे असतात, आणि मुलांच्या सुट्टीमुळे तुम्हालाही तेच. ‘वर्षाला सहा आठवडे मालकाचे’ या वाक्यातले सहाही आठवडे मे आणि ऑक्टोबरमधले निघू शकतात.

ऑस्ट्रियात, विशेषतः टिरोलमध्ये, सुट्टीचे घर म्हणून वापरायचा हक्क ही घराला जोडलेली वेगळी, नोंदलेली चीज आहे. ती नसलेले घर अधूनमधून येऊन वापरले तर दंड होतो. गावे तपासणीही करतात. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला खरेदीसाठीच वेगळी परवानगी लागते. किट्झब्यूहेलच्या परिसरात ‘गुंतवणूकदारांसाठी’ म्हणून विकली जाणारी नवी घरे बहुधा हा हक्क नसलेली असतात. तिथे एवढे समजले तरी पुरे.

यावर घर विकणारे एक युक्तिवाद करतात आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, बंधने आहेत म्हणूनच पुरवठा थांबला, पुरवठा थांबला म्हणूनच किमती टिकल्या. सेंट मॉरिट्झच्या परिसरात चांगल्या घराचा भाव चौरस मीटरला २०,००० फ्रँकच्या पुढे गेला तो काय उगाच? दुर्मीळपणाचा हा फायदा खरा आहे, पण तो कोणत्या घराला मिळतो ते पाहायला हवे. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ पूर्वी बांधलेली किंवा मंजूर झालेली घरे मुक्त वापराची आहेत. तशी घरे आता नव्याने सहसा होणार नाहीत, म्हणून दुर्मीळ आहेत ती हीच. हॉटेलशी बांधलेली नवी घरे मात्र हॉटेले बांधली जातील तोवर येत राहतील. फ्रान्समध्येही तसेच. २०२४ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने गावांना नवी घरे कायम वास्तव्यासाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला आणि २०२५ मध्ये शामोनीच्या नगरपरिषदेने तो वापरायचा निर्णय घेतला. याचा लाभ शामोनीतल्या जुन्या, बिनअटीच्या घरांना होणार. म्हणजे हा युक्तिवाद नीट शेवटपर्यंत नेला तर तो नवे घर घ्या असे सांगत नाही, चांगले जुने घर घेऊन ते नव्यासारखे करा असे सांगतो. स्वित्झर्लंडने तर ऑक्टोबर २०२४ पासून अशा जुन्या घरांची पाडून पुनर्बांधणी करताना क्षेत्र ३० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभाही दिली आहे.

मग नव्याच्या बाजूने काय उरते? बरेच काही उरते, आणि ते सौनाहून महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये घरांची ऊर्जेच्या वापरानुसार ए ते जी अशी प्रतवारी होते. २०२५ पासून जी वर्गातले घर दीर्घ मुदतीच्या भाड्याने देता येत नाही, एफ वर्गावर तीच वेळ २०२८ मध्ये येणार आहे, आणि २०३४ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायचे घरही किमान डी वर्गातले लागेल. साठ-सत्तरच्या दशकांत काँक्रीटमध्ये घाईने उभारलेल्या फ्रेंच गावांतल्या हजारो सदनिकांना ही कसोटी जड जाणार आहे. एकट्या मालकाने आतून कितीही खर्च केला तरी बाहेरची भिंत सगळ्या इमारतीची असते आणि त्यासाठी मालकांच्या सभेत ठराव व्हावा लागतो. नव्या घराला ही चिंता नाही. फ्रान्समध्ये खरेदीचा नोंदणीखर्चही नव्या घरावर सुमारे २ ते ३ टक्के, तर जुन्यावर ७ ते ८ टक्के. शिवाय मूळ बांधकामातल्या गंभीर दोषांना १० वर्षांचे विमासंरक्षण असते. आपल्याकडे रेरा कायद्यात ही जबाबदारी ५ वर्षांची आहे. म्हणून नवे घर टाळा असे इथे म्हणायचे नाही. अटींची किंमत काढून ती भावातून वजा करा, एवढेच. अटींचे नवे घर शेजारच्या बिनअटीच्या घराच्या भावाने विकले जात असेल, तर कोणीतरी ती वजाबाकी करायला विसरले आहे.

परवानगी माणसे देतात, बर्फ देत नाहीत. पण बर्फ नसेल तर परवानगीचा उपयोग नाही. या बाबतीत हाताशी असलेला पुरावा बऱ्यापैकी पक्का आहे. ज्या उंचीवर मोसमात साधारण १०० दिवस ३० सेंटिमीटर बर्फ टिकतो ती भरवशाची, असा एक जुना ठोकताळा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००७ च्या अभ्यासानुसार तापमान १ अंशाने वाढले की ही रेषा सुमारे १५० मीटर वर सरकते; आल्प्समधल्या ६६६ स्कीक्षेत्रांपैकी ६०९ तेव्हा भरवशाची होती, २ अंश वाढीत ४०४ उरतील असे त्यात मांडले होते. २०२३ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने युरोपातली २,२३४ ठिकाणे तपासली: कृत्रिम बर्फ न वापरता २ अंश वाढीत त्यांपैकी ५३ टक्क्यांना बर्फटंचाईचा फार मोठा धोका आहे, आणि निम्म्या उतारांवर कृत्रिम बर्फ टाकला तरी २७ टक्क्यांना. म्हणजे कृत्रिम बर्फाने धोका निम्म्यावर येतो, जात नाही. त्या यंत्रांना पाणी लागते आणि पुरेशी थंड, कोरडी हवाही लागते. पाण्यावरून भांडणे सुरू झालीच आहेत: फ्रान्समधल्या ला क्लुझा गावाच्या वरच्या पठारावर बर्फयंत्रांसाठी तलाव खोदायला दिलेली परवानगी २०२२ मध्ये न्यायालयाने स्थगित केली. तेव्हा पाहायची ती फक्त गावाची उंची नव्हे. सर्वांत वरची लिफ्ट कुठवर जाते, मोसमाच्या अखेरीस स्की करत दारापर्यंत येता येते की मधल्या स्थानकावरून लिफ्टनेच उतरावे लागते, आणि उताराचे तोंड कोणीकडे आहे, हेही पाहायचे. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ टिकतो, दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन येते. दोन्ही एकाच घराला क्वचित मिळतात, आणि माहितीपुस्तिकेतल्या छायाचित्रांत मात्र हमखास मिळतात.

आक्षेप असा येतो की मग किट्झब्यूहेल सुमारे ७६० मीटरवर आणि गश्ताद सुमारे १,०५० मीटरवर असून इतके महाग कसे? उलट २,३०० मीटरवरचे वाल तोरान्स, जिथे बर्फाची सर्वांत कमी काळजी, तिथे भाव त्यांच्याहून कमी का? उत्तर असे की त्या दोन गावांत लोक बर्फाखेरीज बऱ्याच गोष्टींसाठी पैसे मोजतात: जुनी वस्ती, शाळा, टेनिस आणि संगीताचे महोत्सव, उन्हाळ्यातली कुरणे, आणि एकमेकांचा सहवासही. आपल्याकडच्या प्रेक्षकांना हिंदी चित्रपटांनी दाखवलेले स्वित्झर्लंड बरेचसे उन्हाळ्यातलेच होते, हे इथे आठवावे. अशा गावाला उंचीची उणीव काही काळ झाकता येते. फक्त स्कीसाठी वसवलेल्या, १,२०० मीटरवरच्या गावाला ती झाकता येत नाही. या दोन प्रकारच्या गावांतला फरक ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एखाद्या मंगळवारी, गावात जावे. बेकरी उघडी आहे का, दवाखाना चालू आहे का, शाळेसमोर मुले दिसतात का? ‘बारमाही पर्यटनस्थळ’ हा शब्द तिथे तपासून मिळतो. जानेवारीतल्या शनिवारी सगळीच गावे जिवंत असतात.

धोक्याचे नकाशे हा विषय विक्रेते एका कागदावर उरकतात. फ्रान्समध्ये हिमस्खलन, दरड आणि पुराच्या क्षेत्रांचे आराखडे गावच्या कचेरीत पाहायला मिळतात, स्वित्झर्लंडमध्ये लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचे नकाशे असतात. पण रेषा हलतात. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी शामोनीजवळच्या माँत्रॉक वस्तीवर हिमस्खलन होऊन १२ जण मेले, आणि गाडली गेलेली काही घरे सुरक्षित मानलेल्या भागात होती. २८ मे २०२५ रोजी वाले कॅन्टनमधल्या ब्लाटेन गावावर हिमनदीसह डोंगराचा भाग कोसळला आणि सुमारे ९० टक्के गाव गाडले गेले. रहिवाशांना आधीच हलवले होते म्हणून मनुष्यहानी फार झाली नाही. यातून घेणाऱ्याने एवढेच काढावे की पांढऱ्या, म्हणजे सुरक्षित मानलेल्या, आणि निळ्या क्षेत्राच्या सीमेवरचा भूखंड स्वस्त असला तरी सोडून द्यावा, कारण पुढची रेषा कुठे पडेल हे बिल्डरच्या हातात नाही.

आता भारतातून पैसे नेणाऱ्यांसाठी. लंडन किंवा झ्युरिकमध्ये कमावणाऱ्या अनिवासी मराठी माणसाला हे नियम लागू नाहीत, त्याने या परिच्छेदातला शेवटचा, व्हिसाचा मुद्दा तेवढा वाचावा. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नातेवाईकांनी आपापल्या मर्यादा एकत्र केल्या तर चालते. या कामासाठी भारतीय बँक कर्ज देऊ शकत नाही आणि परदेशी बँकेच्या गृहकर्जाची आशा निवासी माणसाने धरू नये. वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (उगमस्थानी गोळा होणारा कर) कापते. तो पुढे करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात घर दाखवले नाही तर काळ्या पैशांच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. बांधकाम चालू असलेले घर टप्प्याटप्प्याने घेतले तर दोन-तीन आर्थिक वर्षांच्या मर्यादा वापरता येतात, हे खरे. पण एखाद्या वर्षी नियम बदलला आणि पुढचा हप्ता अडकला तर करार मोडणारे तुम्ही ठराल. म्हणून हप्त्यांचे वेळापत्रक सही करण्याआधी आपल्या बँकेला आणि सनदी लेखापालाला दाखवून लेखी होकार घ्यावा. आणखी एक: घराच्या मालकीने राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसाची १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा घरमालकालाही आहे.

‘नोटरी सगळे बघतो’ हे उत्तर या सगळ्या प्रश्नांना मिळते. फ्रान्समधला नोटरी मोठ्या अधिकाराचा कायदेतज्ज्ञ असतो, मालकीहक्क आणि नोंदणी तो चोख तपासतो, पण तो तटस्थ असतो. सौदा तुमच्या हिताचा आहे का, हे सांगणे त्याचे काम नाही. त्याच शुल्कात तुम्ही आपला स्वतंत्र नोटरी नेमू शकता, दोघे शुल्क वाटून घेतात. तरी पुष्कळ परदेशी खरेदीदार बिल्डरच्याच नोटरीवर काम भागवतात. करार वाचून अटींची किंमत सांगणारा, तुमची भाषा बोलणारा वकील वेगळा लागतो, आणि त्याचा खर्च एकूण रकमेत नगण्य असतो.

फ्रान्समध्ये बांधकाम चालू असताना घेतलेल्या घराचे हप्ते कायद्याने बांधलेले आहेत: पाया पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त ३५ टक्के, छप्पर होऊन पाणी आत येणे थांबेपर्यंत ७० टक्के, काम पूर्ण होईपर्यंत ९५ टक्के आणि ताब्याच्या वेळी उरलेले ५ टक्के. आरक्षणाच्या वेळची अनामत खरेदीखत वर्षभरात होणार असेल तर किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दोन वर्षांत होणार असेल तर २ टक्क्यांपर्यंत, त्याहून लांब असेल तर शून्य. आरक्षणानंतर १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते. बिल्डर बुडाला तर काम पूर्ण करण्याची बँकेची किंवा विमा कंपनीची हमी बंधनकारक आहे. तिचे पत्र पाहावे. नकाशा मात्र स्वतः मोजावा. उतरत्या छपराखाली १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरत नाहीत, त्यामुळे वरच्या मजल्याची जमीन दिसते मोठी आणि मोजली जाते लहान. ‘तीन खोल्या आणि केबिन’ यातली केबिन म्हणजे बहुधा मार्गिकेतला, खिडकी नसलेला, दुमजली पलंगाचा कोनाडा असतो. भाड्याच्या जाहिरातीत तिथे दोन माणसे झोपतात, फेरविक्रीत ती खोली धरली जात नाही.

ताब्याची तारीख करारात बहुधा तिमाहीच्या रूपात असते, उदाहरणार्थ ‘वर्षाची चौथी तिमाही’. डोंगरात बांधकामाचे दिवस मे ते ऑक्टोबर, आणि बऱ्याच गावांत मोसमात अवजड काम बंद ठेवावे लागते. खराब हवामानाचे दिवस मुदतीत धरायचे नाहीत, असे कलमही करारात असते. नोव्हेंबरचा ताबा जानेवारीवर गेला तर नाताळाची कमाई गेली, आणि फेब्रुवारी गाठायला फर्निचर डोंगरावर चढवायची धावपळ. उशिराच्या भरपाईत पूर्ण मोसमाचे भाडे धरले आहे का, हे सही करतानाच ठरवावे. डिसेंबरात ताबा मिळालाच तर घराचा बराच भाग बर्फाखाली असतो: गच्चीचा उतार, पन्हळी, बाहेरच्या पायऱ्या, गाडीचा रस्ता यांपैकी काहीच तपासता येत नाही. ताबा घेतल्यापासून एक महिन्याच्या आत दिसणारे दोष नोंदीने पाठवलेल्या पत्राने कळवायचे असतात, आणि तो महिना बर्फातच संपतो. म्हणून ताब्याच्या पत्रकात, प्रत्येक भागाचे नाव घेऊन, ‘बर्फामुळे तपासता आले नाही, मेमध्ये संयुक्त पाहणी होईल’ असे लिहून बिल्डरची सही घ्यावी. बाकी दोषांची यादी लांब असेल तर शेवटचे ५ टक्के बिल्डरला न देता तिसऱ्याकडे अनामत ठेवण्याची तरतूद फ्रेंच कायद्यात आहे. ती वापरायला संकोच करू नये. तिथले बिल्डर ती अपेक्षितच धरतात.